शूटवरच्या पोलरॉइडांचं पुस्तक करायचंय, सुरुवात कुठून करू?

अमळनेरचा मास्तर
राम राम मंडळी. वडील प्रताप मिलमध्ये साच्यावर होते, मी कात्री धरली. १९८८ साली मुंबई गाठली आणि जाहिरातींच्या शूटवर ‘मास्तर’ झालो. शूटवरच्या मास्तराला शिवायचं थोडं आणि बसवायचं फार. सॅम्पल एकाच मापाचं यायचं, मॉडेल त्याहून बारीक. मग पाठीमागून चिमटे, टाचण्या, कच्चे टाके. समोरून मात्र अंगावर बेतल्यासारखं दिसलं पाहिजे. बुटांच्या तळव्यांना टेप लावायची, कारण ते संध्याकाळी दुकानात परत जायचे.

रोल घालण्याआधी फोटोग्राफर पोलरॉइड, म्हणजे जागेवरच तयार होणारा फोटो, काढून लाइट बघायचा. मॉडेल मेकअपला बसलेली, मग उभं कोणाला करणार? बऱ्याचदा मलाच. कधी सूट धरून, एकदा तर शालू खांद्यावर टाकून, मिशांसकट! तो पोलरॉइड सोलून काढायचा कागद असायचा. एसीत गारठ्याने रंग निळसर पडत, म्हणून असिस्टंट तो काखेत दाबून उभा राहायचा. काम झालं की कचऱ्यात. ते मी उचलून ठेवत गेलो. शिवाय माझ्या याशिका कॅमेऱ्यावर पडद्यामागचे रोल काढले, बहुतेक पाठीचेच. पुढे डिजिटल आलं, सगळे कॉम्प्युटरकडे बघायला लागले, आणि माझा साठा तिथेच थांबला.

पोरगा म्हणतो, इन्स्टावर टाका. मला पुस्तक पाहिजे. सालवार लावू की कपड्यांवार? हे फोटो माझे की फोटोग्राफरचे? आणि ट्रंक पत्र्याच्या खोलीत होती, काही फोटो अल्बमला चिकटलेत, ते कसे सोडवू?

चाळीसगाव लोकल
मास्तर, आधी ती ट्रंक पत्र्याखालून काढा भो! आपल्याकडचा मे महिना माणसाला सोसत नाही, फोटोला काय सोसणार? घरातल्या आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. चिकटपानांच्या अल्बममधून ओढून काढू नका. दात साफ करायचा पातळ दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोमागून करवतीसारखा हळूहळू फिरवा. तरी निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. पोलरॉइड फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयने केला तर छपाईत दुप्पट मोठा करता येतो. मोबाइलने काढू नका, चकाकी येते. लॅमिनेशन तर अजिबात नको. याशिकाच्या निगेटिव्ह असतील तर प्रिंट सोडा, निगेटिव्हच स्कॅन करा.

आमच्या गावात फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे, स्टेशनजवळ. तिथे जाऊन एकदा बघा. टेबलावर मांडामांड करून त्यांनी जे फोटो केले त्यात कापसाचा बर्फ होतो. तुमच्या चिमट्यांची आणि त्या कापसाची जात एकच, असं मला वाटतं.

धुळ्याची वकील
काका, कागद तुमच्याकडे आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ बघा. पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा, म्हणजे जाहिरातीत बहुधा कंपनीचा किंवा एजन्सीचा. करारात तसं लिहिलं असेल तर फोटोग्राफरचा. आता मुदत फोटोग्राफरच्या हयातीनंतरही ६० वर्षं, त्यामुळे ‘जुनं झालं, चालतं’ हे डोक्यातून काढा. टाकून दिलेला पोलरॉइडही याच गणतीत येतो. संबंधितांना साधं पत्र लिहा, सोबत फोटोची छोटी प्रत जोडा, परवानगी लेखी घ्या. बरेच जण देतात. याशिकावरचे तुम्ही स्वतःच्या हौसेने काढलेत, ते साधारण तुमचेच. पण कपडे बदलताना कोणाचा काढला असेल तर त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय छापू नका, मग कायदा काहीही म्हणो.

सराफ गल्ली जळगाव
मोठ्या नट्या आहेत का त्यात? असतील तर त्यांचे चेहरे मुखपृष्ठावर टाका, हातोहात खपेल. पाठी आणि टाचण्या कोण विकत घेणार?

अमळनेरचा मास्तर
आहेत. नाही टाकणार. त्यांचे चेहरे मासिकांत छापून झाले, रद्दीतही गेले. पाठ कोणी छापली नाही, आणि माझी सगळी नोकरी त्या पाठीवर झाली. नटीचा चेहरा टाकला की पुस्तक तिचं, मी कोपऱ्यातला.

वकील ताई, पत्रं लिहितो. एक फोटोग्राफर अजून फोन उचलतात, त्यांच्यापासून सुरू करतो. एका एजन्सीने माझे सहा महिन्यांचे पैसे बुडवले होते, त्यांना काय लिहू ते कळवा.

धुळ्याची वकील
पैशांबद्दल एक अक्षर नको. फक्त परवानगी.

शहाद्याची उरेब
काका, मी फॅशन डिझाइन शिकते. सालवार नका लावू, प्लीज. आम्हाला मुंढा, उरेब, अस्तर शिकवतात, पण तयार कपडा कॅमेऱ्यासाठी कसा फसवायचा हे कोणी शिकवत नाही. एका पानावर पाठीचा फोटो, समोर चार ओळी: कापड कोणतं, कुठे सुटत होतं, काय केलं. क्रेप टाचणीने फाटतं का? ऑर्गंझाच्या निऱ्या बसवल्या कशा? मला हे वाचायचंय. आणि मिशांवरचा शालू पहिल्या पानावर.

अमळनेरचा मास्तर
बेटा, क्रेपला जाड टाचणी लावलीस की धागा ओढला जातो आणि लाइटमध्ये रेघ दिसते. बारीक टाचणी, तीही शिवणीतच खोवायची. ऑर्गंझा फुगतं, हट्टी कापड. निऱ्या आधी कागद ठेवून इस्त्री करायच्या, आतून कच्चा टाका, कमरेला घट्ट पट्टी, आणि मॉडेलला सांगायचं बाई आता बसू नकोस. ती बसायचीच. तुझ्या पद्धतीने कालपासून लिहायला घेतलंय, बोलतो मी आणि टाइप करते सूनबाई.

बळीराम पेठ प्रेसवाला
उशिरा वाचलं. शे-दीडशे प्रती असतील तर डिजिटल, पाचशेच्या वर गेलात तरच ऑफसेट परवडतं. पानं १६ च्या पटीत ठेवा, कागद वाया जात नाही. मॅट आर्ट पेपर १३० जीएसएम घ्या. चकचकीत नको, पोलरॉइडचा फिका रंग त्यावर मरतो. बांधणी दोऱ्याचीच करा, नुसत्या गोंदाने पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि दोन पानांवरचा फोटो मध्ये गिळला जातो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो, तुम्ही स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकता. आणि रंग स्क्रीनवर बघून हो म्हणू नका, प्रूफ हातात घ्या.

अमळनेरचा मास्तर
दोऱ्याची बांधणी म्हणजे आपलंच काम की! प्रूफ बघायला मी स्वतः येतो. रविवारी प्रेस चालू असते का?

बळीराम पेठ प्रेसवाला
दुपारपर्यंत. शालूवाला फोटो घेऊन या.