ती नळी बिल वाढवायला नसते

कवटीला छिद्र पाडून मेंदूवर साचलेलं रक्त काढल्यावरही, उरलेलं रक्त वाहून जायला डोक्यात नळी ठेवणं म्हणजे बिल वाढवणं, असं इथे कुणीतरी म्हटलंय; ते मत मला अजिबात पटत नाही. मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं जुनं रक्त (क्रॉनिक सबड्युरल) काढलं, तरी दबलेला मेंदू लगेच फुलून ती जागा भरत नाही, म्हाताऱ्या माणसांत तर नाहीच. मग तिथे पुन्हा साचतं. केंब्रिजच्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं, निकाल २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २१५ रुग्ण, कोणाला नळी ठेवायची हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलेलं. पुन्हा रक्त साचून शस्त्रक्रिया करावी लागली ती नळी असलेल्यांत ९.३ टक्के, नसलेल्यांत २४ टक्के! फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. सहा महिन्यांतले मृत्यूही नळीवाल्यांत निम्म्याहून कमी.

नळी असेपर्यंत रात्री कुणीतरी जागं राहून शेजारी बसा, हे मात्र आवर्जून सांगते. आमचे काका गुंगीत सारखे नळीकडे हात न्यायचे. नळीला जोडलेली पिशवी किती उंचीवर ठेवायची हे सिस्टरना विचारा, स्वतः हलवू नका.