निशिगंध आणि जरबेरा फुलदाणीत अधिक दिवस कसे टिकवावेत?

प्रश्न (शहापूर, बेळगाव): नमस्कार. सासूबाईंना आवडतो म्हणून दर गुरुवारी बाजारातून निशिगंध आणते, सोबत जरबेराही. परंतु तिसऱ्याच दिवशी पाणी गढूळ होते आणि जरबेरा मान टाकतो. काय चुकत असावे?

उत्तर (खानापूर): ताई, गढूळ पाण्यात वाढलेले जिवाणू देठाच्या नलिका बुजवतात, त्यामुळे पाण्यात उभे असूनही फूल तहानलेलेच राहते. जरबेराचा देठ मऊ व लवदार असल्याने खोल पाण्यात लवकर कुजतो; त्याला वेगळ्या फुलदाणीत दोन-तीन इंचच पाणी द्यावे. पाणी रोज बदलावे आणि एक दिवसाआड देठाचे टोक धारदार सुरीने तिरपे कापावे, कारण बोथट कात्रीने ते चेंगरते.

उत्तर (निपाणी): निशिगंध खालून वर उमलत जातो, म्हणून खालची सुकलेली फुले खुडत राहावीत. जवळ पिकलेली केळी ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने अनेक फुले लवकर कोमेजतात.

प्रश्नकर्ती: केळ्यांची फणी शेजारीच असते! देठ चोळून पाहिला, तर खरोखरच बुळबुळीत लागला. पाण्यात साखर घालावी का?

उत्तर (खानापूर): नुसती साखर घालू नये, ती जिवाणूंनाही पोसते. आधी फुलदाणी आतून साबणाने घासून घ्यावी.