मदत हवी आहे: ५.१ रिसीव्हर जोडलाय, पण फक्त पुढचे दोन स्पीकर वाजतात

निशिगंध_७
रिसीव्हर (टीव्हीचा आवाज स्पीकरांना वाटून देणारा डबा), पाच स्पीकर, सबवूफर (खर्जाचा स्पीकर), म्हणजे ५.१. जोडून देणारा माणूस काल येऊन गेला, आता फोन उचलत नाही. आवाज फक्त पुढच्या दोनमधून. मधला आणि मागचे दोन्ही गप्प. शनिवारी बाबा गावाहून येताहेत. त्यांना कमी ऐकू येतं, संवाद नीट कळावेत म्हणून तर हा खर्च केला. कृपया लवकर सांगा.

रात्रपाळी
टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत कुठली केबल आहे? लावलंय काय? सेटटॉप बॉक्स, टीव्हीतलं ॲप की पेनड्राइव्ह? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजच.

निशिगंध_७
केबल त्याने लावली तीच. आवाज येतोय म्हणजे केबल ठीकच असणार ना?

सांगलीची_माई
आमच्याकडे मुलाने असला सगळा पसारा काढून साउंडबार घेतला. एक केबल लावली की झालं. बाबांसाठीच हवं असेल तर तेच करा बाळा.

आवाजवेडा
माई, त्यांचे पैसे घालून झालेत. निशिगंध, सगळं रिसीव्हरमध्ये जोडा आणि तिथून एकच एचडीएमआय टीव्हीला न्या. आवाजाच्या वाटेत टीव्ही आणूच नका. मी बारा वर्षं असंच वापरतोय.

रात्रपाळी
सरसकट असं सांगू नका. रिसीव्हर जुना असेल तर ४के चित्र त्यातून पुढे जात नाही. आणि टीव्हीतल्या ॲपचा आवाज मागे आणायला आर्क (एचडीएमआय केबलनेच टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत आणायची सोय) नाहीतर ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणारी केबल) लागणारच.

आवाजवेडा
टीव्हीतली ॲप वापरायचीच कशाला? ॲप चालवणारी वेगळी स्टिक घ्या, रिसीव्हरला लावा.

रात्रपाळी
म्हणजे परत खर्च. आधी आहे त्यात बघू. निशिगंध, केबल दिसते कशी ते तरी सांगा. आणि रिसीव्हरच्या पुढच्या डिस्प्लेच्या पट्टीवर काय लिहून येतं?

निशिगंध_७
बारीक, काळी. काढली की टोकाला लाल उजेड दिसतो. पट्टीवर पीसीएम येतं. टीव्हीतल्या ॲपवर सिनेमा लावलाय.

रात्रपाळी
हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. ती ऑप्टिकल आहे. तिच्यातून पीसीएम, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, फक्त दोन चॅनलचा जातो, म्हणजे डाव्या-उजव्या दोन स्पीकरांपुरताच. पाचही स्पीकर वाजायला डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस (सगळ्या स्पीकरांचे आवाज दाबून एकत्र पाठवायच्या पद्धती) यावं लागतं. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल. ते ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू करा, नाव टीव्हीप्रमाणे बदलतं. मग रिसीव्हरच्या मेनूतून टेस्ट टोन लावा. एकेका स्पीकरमधून खरखर येते, म्हणजे वायरींचाही निकाल लागेल.

निशिगंध_७
ऑटो केलं. पट्टीवर डॉल्बी डिजिटल आलं, मधला सुरू झाला! टेस्ट टोनला मागचा डावा मात्र गप्प. आणि सेटटॉपवरच्या बातम्या अजून पुढच्या दोनमधूनच. बाबा दिवसभर बातम्याच बघतात.

रात्रपाळी
बातम्यांचा आवाज मुळात दोन चॅनलचा असेल. रिसीव्हरच्या रिमोटवर सराउंड मोडमध्ये डॉल्बी सराउंड (दोन चॅनलचा आवाज सगळ्या स्पीकरांना वाटणारा मोड) निवडा, बोलणं मधल्यात येईल. मागच्या डाव्यासाठी आधी रिसीव्हरचा प्लग काढा, मग वायरीची दोन्ही टोकं बघा. बऱ्याचदा वायर पुरेशी सोललेली नसते आणि स्क्रू प्लास्टिकवरच आवळला जातो. तांब्याची एकही तार शेजारच्या टर्मिनलला लागू देऊ नका, रिसीव्हर स्वतःला वाचवायला प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडेल.

आवाजवेडा
बाबांसाठी मधल्या स्पीकरची पातळी ३ डीबी (डेसिबल) वाढवा. आणि ऑप्टिकल काढून आर्कवर याच. टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमीजास्त होईल, बाबांना दोन रिमोट सांभाळायला लागणार नाहीत. टीव्हीत सीईसी (एका रिमोटने दोन्ही उपकरणं चालवायची सोय) चालू करायला विसरू नका.

रात्रपाळी
दोन रिमोटचा मुद्दा पटला.

निशिगंध_७
मागच्या डाव्याची वायर खरंच प्लास्टिकवर आवळलेली होती. सोलून लावली, वाजला. मधला ३ ने वाढवला, निवेदकाचं बोलणं एकदम पुढे आलं. एचडीएमआय उद्या आणतो. टीव्ही भिंतीवर आहे आणि रिसीव्हर शेजारच्या कपाटात. किती मीटरची आणू?

रात्रपाळी
केबल जिथून न्यायची तिथून सुतळी टाकून मोजा, वर अर्धा मीटर जास्त धरा.