आईच्या कवळीसाठी कोणतं मटेरियल? फ्लेक्झिबल, साधं की धातूचं?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. आई ६९ वर्षांची. वरचे-खालचे सगळे दात गेलेत. चार वर्षांपूर्वी केलेल्या कवळीतली वरची मधोमध तडकली. खालची तर पहिल्यापासून हलायची, टोचायची. दोन महिने झाले, माय ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खायलीय. पंगतीला जाणं सोडलं. परवा नातवानं हसवलं तर तिनं पदर तोंडावर घेतला, ते मला बघवलं नाही. एका दवाखान्यात सांगितलं, फ्लेक्झिबल करा, मऊ असते, तुटत नाही. दुसरीकडे म्हणाले, साधीच बरी. पैशाचं बघून घेऊ, पण तिला आराम कशात पडेल?

परभणीची सून
डोळे झाकून फ्लेक्झिबल घ्या दादा. माझ्या सासऱ्यांना वरच्या बाजूचे तीन दात बसवलेत. तार दिसत नाही, हलकी आहे, कवळी आहे हेच ते विसरतात.

साचा-मेण (नांदेड)
ताई, तुमच्या सासऱ्यांसाठी ते बरोबरच आहे, पण दादांच्या आईंची गोष्ट वेगळी. मी कवळ्यांच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लेक्झिबल म्हणजे नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक. आजूबाजूला स्वतःचे दात असले की ते त्यांना छान धरून बसतं. गुटख्यानं तोंड कमी उघडणाऱ्यांना किंवा साध्या कवळीच्या लिक्विडची ॲलर्जी असणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो. पण पूर्ण बत्तीशीत धरायला दातच नसतात. चावताना कवळीचं बूड वाकलं की सगळा भार एकसारखा पसरत नाही, एखाद्या जागीच हिरडी दाबली जाते. शिवाय नायलॉन कवळीच्या दातांना रासायनिकरीत्या चिकटत नाही, दाताला भोकं पाडून अडकवावं लागतं. टोचतंय म्हणून घासायला गेलं तर कडेला तुसं निघतात, पुन्हा पॉलिश नीट होत नाही. आणि जबड्याचं हाड झिजल्यावर आतून भर घालणं अवघड.

साधी कवळी म्हणजे ॲक्रिलिक. १९३० च्या दशकाच्या शेवटी ते कवळ्यांसाठी आलं, त्याआधी रबराच्या कवळ्या असत. पावडर आणि लिक्विड मळून साच्यात दाबायचं आणि पाण्यात शिजवायचं. नीट करायचं तर ७४ अंशांवर आठ-नऊ तास. घाईत काढली तर कच्चं लिक्विड आत राहतं आणि तोंडाची आग होते. तयार कवळी एक दिवस पाण्यात ठेवूनच द्या म्हणून सांगा.

आता तुमच्या तडकलेल्या कवळीचं. मधोमध तडा पडला की लोक मटेरियलला दोष देतात. पण बरेचदा दोन्ही बाजूंचं हाड झिजून कवळी टाळूच्या मधल्या कडक भागावर डुलायला लागते. दगडावर ठेवलेली फळी दोन्हीकडून दाबली की मधे मोडते, तसं. म्हणजे आधी माप, मग मटेरियल. जुनं माप वापरून नवीन करू नका. तुटण्याची भीतीच असेल तर हाय-इम्पॅक्ट ॲक्रिलिक मागा, त्यात रबराचा अंश असतो.

बीडचे मास्तर
माझी वरची कवळी धातूची आहे, कोबाल्ट-क्रोमची. टाळूवर जेमतेम अर्धा मिलिमीटर पत्रा. ॲक्रिलिक त्याच्या तिप्पट-चौपट जाड होतं, बोलताना जीभ अडखळायची. धातूतून उष्णता जाते, त्यामुळे चहा गरम आहे की कोमट हे टाळूला कळतं. आमटीची चव परत आली म्हणा ना! खर्च मात्र बराच. शिवाय हाड झिजल्यावर आतून भर घालायला धातूच्या जागी अडचण येते.

मांजराकाठ (लातूर)
मास्तर, हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण खालच्या कवळीचं काय? तीच जास्त छळायलीय.

दंतवैद्य (संभाजीनगर)
खालची सगळ्यांनाच छळते. तिला टेकायला वरच्यापेक्षा खूप कमी जागा, टाळूसारखी ओढ नाही, वरून जीभ ढकलते, आणि खालचं हाड झिजतंही जास्त. हिरडी पातळ, दुखरी असेल तर ॲक्रिलिकच्या आत मऊ सिलिकॉनचं अस्तर लावता येतं. ते कायम टिकत नाही, बदलावं लागतं, आणि स्वच्छता ढिली पडली की त्यावर बुरशी धरते. परवडत असेल आणि साखर ताब्यात असेल तर जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) घालून त्यावर बसणारी कवळी करा. २००२ पासून खालच्या जबड्यासाठी तोच पहिला पर्याय मानावा, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे. इथल्या शासकीय दंत महाविद्यालयात एकदा दाखवून घ्या. कवळी मिळाल्यावर टोचलं तर घरी कानशीनं घासू नका. दोन-तीनदा दुरुस्तीला यावं लागतंच, ते आधीच धरून चला.

मांजराकाठ (लातूर)
ठरलं. वरची हाय-इम्पॅक्ट, खालची अस्तराची, दोन्हीचं माप नव्यानं. बुधवारी संभाजीनगरला निघतो. माय विचारायलीय, वेळ अमावस्येला धपाटे खाता येतील का?

साचा-मेण (नांदेड)
मऊ असतील तर येतील. लहान तुकडे, दोन्ही बाजूंच्या दाढांनी चावायचं, पुढच्या दातांनी तोडायचं नाही. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात, गरम पाण्यात कधीच नाही, वाकडी होते. बोअरचं पाणी असेल तर पांढरा थर चढेल, अस्तर असल्यानं तो स्वतः खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा.