अमेरिकेतल्या प्रचारात खोटी जाहिरात आली तरी टीव्ही स्टेशन ती थांबवत का नाही?

चौकस_बाळू
मंडळी, २०२४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत पेनसिल्व्हेनियात दाखवलेल्या टीव्ही जाहिराती एका जागी जमवून बघायचं काम चालू आहे. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

प्रतिस्पर्ध्याच्या भाषणाची सरळ सरळ तोडमोड केलेली असते, समोरची बाजू वकिलाची नोटीस पाठवते, तरी काही जाहिराती खुशाल चालू राहतात आणि काही दोन दिवसांत गायब होतात. हे कशावरून ठरतं? दुसरं, कुठल्या गटाने कुठल्या स्टेशनवर किती पैसे ओतले हे बाहेरच्या माणसाला बघता येतं का? आणि डिबेट कोण जिंकलं याचं उत्तर त्या रात्री एक आणि दोन दिवसांनी भलतंच, असं का होतं?

आपल्याकडे टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीला आधी निवडणूक आयोगाच्या समितीचं प्रमाणपत्र लागतं. तिथे तसलं काही दिसत नाही. कोणाची बाजू खरी ते नको, यंत्रणा कशी चालते तेवढं सांगा.

खडीसाखर
आरोप किती खोटा आहे यापेक्षा जाहिरातीचे पैसे कोणी भरले यावर सगळं ठरतं, आणि ते जाहिरातीच्या शेवटी कळतं. "मी अमुक, आणि या संदेशाला माझी मान्यता आहे" असं उमेदवार स्वतः म्हणत असेल तर ती त्याच्या प्रचारसमितीची जाहिरात. १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या कलम ३१५ प्रमाणे स्टेशनला तिला कात्री लावायची मनाई आहे. शब्द गाळता येत नाही, बीप टाकता येत नाही, "हे खोटं आहे" म्हणून परतही पाठवता येत नाही. वर कलम ३१२ सांगतं की अध्यक्षपदासारख्या संघीय पदाच्या उमेदवाराला वाजवी वेळ विकलाच पाहिजे. मग बदनामीचा दावा कोणावर? १९५९ मध्ये नॉर्थ डकोटातल्या डब्ल्यूडीएवाय स्टेशनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: कात्री चालवायचा अधिकार नाही, तर मजकुराची जबाबदारीही नाही. त्यामुळे उमेदवाराच्या जाहिरातीबद्दल स्टेशनला पाठवलेली नोटीस म्हणजे रद्दी.

सुपर पॅक (उमेदवाराच्या समितीपासून वेगळा राहून प्रचारावर हवा तेवढा पैसा ओतणारा गट) किंवा तसल्या बाहेरच्या गटाची जाहिरात असेल तर आवाज येतो की "या जाहिरातीच्या मजकुराला अमुक गट जबाबदार आहे", आणि खाली लिहिलेलं असतं की कोणत्याही उमेदवाराची याला मंजुरी नाही. ही जाहिरात घ्यायची सक्ती स्टेशनवर नाही. नाकारायची मुभा आहे म्हणूनच दावा लागू शकतो. तुम्हाला गायब होताना दिसतात त्या बहुतेक याच.

अशा नोटिशीत काय असतं ते बघण्यासारखं आहे. जाहिरातीचं नाव, नेमकं वाक्य, मूळ भाषणाची पूर्ण चित्रफीत, आणि शेवटी "आता तुम्हाला कल्पना दिलेली आहे" या अर्थाचा मजकूर. खरी मेख त्या शेवटच्या ओळीत आहे. १९६४ च्या सलिव्हन निकालानंतर सार्वजनिक पदावरच्या माणसाला बदनामी सिद्ध करायची तर समोरच्याला खोटेपणा ठाऊक होता, किंवा त्याने खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही, हे दाखवावं लागतं. (तो खटलासुद्धा वर्तमानपत्रातल्या एका पानभर जाहिरातीवरूनच उभा राहिला होता.) नोटीस मिळाली की स्टेशनला "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. स्टेशनचा वकील गटाकडे पुरावे मागतो, गट कागदांचा गठ्ठा पाठवतो, आणि त्यावर ठेवायची की काढायची ते ठरतं. छोटं स्टेशन लवकर कच खातं.

२०२० चं उदाहरण बघा. प्रायॉरिटीज यूएसए या सुपर पॅकने ट्रम्प यांच्या वेगवेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून "कोरोना व्हायरस... हा त्यांचा नवा बनाव" असं ऐकू येईल अशी जाहिरात केली. ट्रम्प यांच्या प्रचारसमितीने स्टेशनांना नोटिसा धाडल्या आणि विस्कॉन्सिनमधल्या डब्ल्यूजेएफडब्ल्यू या लहानशा स्टेशनवर दावा ठोकला. पुढे तो मागे घेतला, पण दाव्याचा धाक स्टेशनांपर्यंत पोचायचा तो पोचलाच.

केबल वाहिन्यांचा नियम निराळा. सीएनएनसारख्या राष्ट्रीय वाहिनीला उमेदवाराची जाहिरातही नाकारता येते. २०१९ मध्ये त्यांनी ट्रम्प यांची बायडेन-युक्रेनबद्दलची जाहिरात नाकारलीच होती. आणि आयोगाची समिती म्हणाल तर साबणाच्या जाहिरातीतला दावा तपासायला तिथे सरकारी यंत्रणा आहे, प्रचारातला दावा तपासायला नाही. भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीपुढे ते टिकणारही नाही.

भिंतीवरची_पाल
खडीसाखर यांना एक छोटी पुरवणी. "माझी मान्यता आहे" हे वाक्य शेवटीच येतं असं नाही. हल्ल्याच्या जाहिरातीत पुष्कळदा ते सुरुवातीलाच उरकून टाकतात, म्हणजे कडवट शेवटाला उमेदवाराचा चेहरा चिकटत नाही. पण प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख असेल आणि सवलतीचा दर हवा असेल, तर शेवटी निदान चार सेकंद उमेदवाराचं चित्र आणि छापील ओळ दाखवावीच लागते. ही २००२ च्या मॅकेन-फाइनगोल्ड कायद्याची देणगी. हेतू असा की चिखलफेक करायची तर तोंड दाखवून करा. घडलं असं की तोंड न दाखवता करायचं काम बाहेरच्या गटांकडे गेलं. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड आणि पाठोपाठच्या स्पीचनाऊ निकालांनी त्या गटांच्या वर्गणीवरची मर्यादाही उठली.

कामाची ही वाटणी मात्र जुनी आहे. १९८८ मध्ये विली हॉर्टन या तुरुंगातून रजेवर सुटून गुन्हे केलेल्या कैद्याचं नाव आणि फोटो असलेली जाहिरात नॅशनल सिक्युरिटी पॅक या बाहेरच्या गटाची होती. बुश यांच्या समितीने स्वतः काढली ती तुरुंगाच्या फिरत्या दाराची, तिच्यात हॉर्टनचं नाव नव्हतं. बातम्यांत मात्र दोन्ही एकत्रच कालवल्या गेल्या.

पावतीपुस्तक
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. सगळं बघता येतं आणि फुकट, फक्त चिकाटी हवी.

एफसीसीच्या (टीव्ही-रेडिओवर देखरेख करणारा तिथला सरकारी आयोग) 'पब्लिक फाइल्स' संकेतस्थळावर जा आणि स्टेशनचं अक्षरनाव टाका: फिलाडेल्फियाचं डब्ल्यूपीव्हीआय, पिट्सबर्गचं डब्ल्यूटीएई, स्क्रँटनकडचं डब्ल्यूएनईपी. त्यात 'पोलिटिकल फाइल्स', मग वर्ष, मग 'फेडरल' आणि अध्यक्षपद, तिथे उमेदवारांची नावं. सुपर पॅक तिथे सापडणार नाहीत, त्यांचा कप्पा वेगळा: 'नॉन-कँडिडेट इश्यू ॲड्स'. त्यात गटाच्या पदाधिकाऱ्यांची नावंही असतात.

आतमध्ये पीडीएफ. प्रत्येक ओळीत तारखा, वार, वेळेचा पट्टा, लांबी (बहुतेक ३० सेकंद), आठवड्याला किती स्पॉट आणि एका स्पॉटचा दर. सगळे पहिल्यांदा चुकतात ते इथेच. 'ऑर्डर' म्हणजे नोंदवलेली मागणी, 'इन्व्हॉइस' म्हणजे प्रत्यक्ष काय कधी दाखवलं त्याचं बिल. एकाच ऑर्डरच्या चार-पाच सुधारित आवृत्त्या पडून असतात, सगळ्यांची बेरीज केली की खर्च कैक पटींनी फुगतो. ऑर्डर क्रमांक जुळवा आणि शेवटची सुधारणा तेवढी धरा. इन्व्हॉइस असेल तर ऑर्डर बाजूलाच ठेवा. शिवाय 'ग्रॉस' आणि 'नेट' हे आकडे वेगळे असतात. ग्रॉसमध्ये एजन्सीचं कमिशन, साधारण १५ टक्के, धरलेलं असतं. एका स्टेशनचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट असं मिसळू नका.

दर बघाल तर चक्रावाल. मतदानाआधीच्या ६० दिवसांत (२०२४ मध्ये ६ सप्टेंबरपासून) आणि प्रायमरीआधीच्या ४५ दिवसांत उमेदवाराला त्या वर्गातला सर्वांत कमी दर द्यावा लागतो. सुपर पॅकला ही सवलत नाही. त्याच संध्याकाळच्या बातम्यांतल्या त्याच ३० सेकंदांना त्यांना पुष्कळदा काही पट मोजावे लागतात. म्हणून "सुपर पॅकने दुप्पट खर्च केला" या मथळ्यावरून जाहिराती दुप्पट दिसल्या असं समजू नका. पैसे सोडा आणि स्पॉट मोजा, किंवा जीआरपी (जाहिरात किती जणांपर्यंत किती वेळा पोचली त्याचं माप) बघा. १,००० जीआरपी म्हणजे त्या भागातल्या प्रेक्षकाने ती जाहिरात सरासरी दहादा पाहिली. सरासरी हं. दिवसभर टीव्ही लावून बसणाऱ्या आजोबांनी चाळीसदा पाहिलेली असते आणि त्यांच्या नातवाने एकदाही नाही.

आणखी एक गोम. फिलाडेल्फियाच्या टीव्ही बाजारपेठेत न्यू जर्सीचा दक्षिण भाग आणि डेलावेअरचा बराचसा भागही येतो. ज्यांचं राज्य चुरशीचं नाहीच अशा लोकांवरही तिथले पैसे सांडतात. ईरी किंवा स्क्रँटनमध्ये तसं होत नाही, म्हणून तिथल्या स्क्रीनवर गर्दी उसळते.

गटांच्या बाबतीत एफईसीचा (प्रचारातल्या पैशांवर लक्ष ठेवणारा संघीय निवडणूक आयोग) 'फॉर्म २४' जोडून बघा. स्वतंत्र खर्च १०,००० डॉलरवर गेला की ४८ तासांत, आणि शेवटच्या २० दिवसांत १,००० डॉलरवर गेला की २४ तासांत तो भरावा लागतो. त्यात खर्च कोणाच्या 'बाजूने' की 'विरोधात' ते गटाने स्वतःच नोंदवलेलं असतं. हल्ल्याच्या जाहिराती चाळून काढायला याहून सोपी चाळणी नाही. फक्त पैसे घेणारा म्हणून तिथे जाहिरातवेळ विकत घेणाऱ्या एजन्सीचं नाव असतं, स्टेशनचं नव्हे. स्टेशनपर्यंत पोचायला एफसीसीची फाइलच लागते. निव्वळ स्ट्रीमिंगवर दाखवलेल्या जाहिराती मात्र या फाइलमध्ये येत नाहीत.

उगाच_एक
अवांतर: यूट्यूबवर अशी जाहिरात बघताना खाली वर्गणीचं बटण दिसतं. परदेशी नागरिकांना वर्गणी द्यायची बंदी आहे, म्हणून एच-१बी (नोकरीचा) किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मंडळींनी ते दाबू नये, २५ डॉलरसुद्धा नाही. प्रचारसमितीच्या दुकानातला टी-शर्ट घेणं हीसुद्धा कायद्याने वर्गणीच. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करायला मात्र व्हिसावाल्यांना आडकाठी नाही.

तिसरी_घंटा
डिबेटबद्दल. रात्रीचा कौल आणि दोन दिवसांनंतरचा कौल हे दोन वेगळ्या कार्यक्रमांचे असतात. पहिला ९० मिनिटं बघितलेल्यांचा, दुसरा त्यातले २० सेकंद वीस वेळा बघितलेल्यांचा.

६ ऑक्टोबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या डिबेटमध्ये तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्या रात्री ज्यांना फोन गेले त्यांना त्यात फारसं वावगं वाटलं नव्हतं, फोर्ड पुढेच होते. दुसऱ्या दिवशी बातम्यांनी तेच एक वाक्य लावून धरलं आणि संध्याकाळपर्यंत पारडं प्रतिस्पर्धी कार्टर यांच्याकडे झुकलं. २००० मध्ये उमेदवार गोर यांनी डिबेटमध्ये टाकलेल्या उसाशांचं तेच. एक जण बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा दाखवायला मिळाला की वाहिन्यांना आयता मसाला मिळतो. म्हणून प्रचारसमित्या प्रश्नांइतकीच घासाघीस कॅमेरा आणि माइकवर करतात. २७ जून २०२४ च्या अटलांटातल्या सीएनएन डिबेटचे नियम वाचा: प्रेक्षक नाहीत, उत्तराला दोन मिनिटं, प्रत्युत्तराला एक, आपली पाळी नसेल तेव्हा माइक बंद, आधी लिहून आणलेला कागद चालणार नाही, फक्त पेन, वही आणि पाण्याची बाटली. नाणेफेक बायडेन यांनी जिंकली आणि उभं राहायची बाजू निवडली, त्यामुळे समारोपाचं शेवटचं भाषण ट्रम्प यांच्याकडे गेलं. माइक बंद ठेवायची कल्पना ट्रम्प यांना आवरेल असं वाटलं होतं. झालं असं की व्यत्यय नसल्यामुळे बायडेन यांचं अडखळणं जास्तच उघडं पडलं.

झटपट पाहणी वाचताना आधी बघायचं ते हे की डिबेट बघणाऱ्यांत कोणत्या पक्षाचे किती होते. तो नमुना मतदारांचा नसतो, प्रेक्षकांचा असतो. १९६० च्या केनेडी-निक्सन डिबेटबद्दल "रेडिओवाल्यांना निक्सन जिंकले असं वाटलं" हे सगळे सांगतात, पण ज्या पाहणीवर ते उभं आहे तिच्यात रेडिओवर ऐकणारे तीनशेच्याही आत होते. ते कोण होते, कुठल्या पक्षाचे होते, हे कोणी विचारत नाही.

चौकस_बाळू
सगळ्यांचे आभार, पावतीपुस्तक यांचे खास. ऑर्डरच्या सुधारित आवृत्त्यांची बेरीज करायची घोडचूक इथेही झालीच होती, आता सगळा तक्ता नव्याने. आणखी एक विचारतो: एवढं करून या जाहिरातींनी मतं फिरतात का?

भिंतीवरची_पाल
फिरतात, पण मूठभर, आणि टिकत नाहीत. टेक्सासात २००६ च्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात कुठल्या भागात किती जाहिराती दाखवायच्या ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून प्रयोग झाला होता. परिणाम चांगला जोरदार दिसला आणि आठवड्याभरात ओसरला. २०१६ च्या प्रचारातल्या ४९ जाहिराती घेऊन ५९ प्रयोग झाले, ३४,००० लोकांवर. परिणाम निघाला तो नाममात्र, आणि हल्ल्याची जाहिरात कौतुकाच्या जाहिरातीपेक्षा सरस ठरली नाही. मग इतका पैसा का? कारण चुरशीच्या राज्यात फरक अर्ध्या-एक टक्क्याचा असतो, आणि समोरचा थांबत नाही तोवर आपण थांबायची हिंमत कोणाला होत नाही.

फुकटची प्रसिद्धी हा खरा हिशेब. १९६४ ची अध्यक्ष जॉन्सन यांची डेझी जाहिरात, म्हणजे पाकळ्या मोजणारी मुलगी आणि मागून अणुबॉम्बची उलटी गणती, पैसे देऊन एकदाच दाखवली गेली, ७ सप्टेंबरला एनबीसीवर. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचं नावही तिच्यात नव्हतं. बाकीचं काम बातम्यांनी फुकटात केलं. २००४ मध्ये उमेदवार केरी यांच्या व्हिएतनाम युद्धातल्या कामगिरीवर शंका घेणारी स्विफ्ट बोट जाहिरात तीनच राज्यांत लावली होती, देशभर पोचवली ती केबलवरच्या चर्चांनी. तुमच्या तक्त्यात बातम्यांतलं पुनर्प्रसारण येणार नाही, त्याला वेगळा रकाना करा.

आणि बातमीवाले खोडून काढण्यासाठी म्हणून जाहिरात पूर्ण पडदाभर दाखवतात तेव्हा बघणाऱ्याच्या लक्षात जाहिरातच राहते, खंडन नाही. म्हणून ती लहान चौकटीत, वर पट्टी मारून दाखवायची पद्धत पडली. आता फारसं कोणी पाळत नाही.

पावतीपुस्तक
एक राहिलं. इन्व्हॉइसवर प्रत्येक स्पॉटसमोर 'आयएससीआय' कोड, म्हणजे त्या जाहिरातीचा ओळखक्रमांक असतो, त्यावरून कुठली जाहिरात कुठल्या मिनिटाला गेली ते जुळवता येतं. ऑर्डरवर हा कोड बहुधा नसतो. आणि स्टेशनांना ही राजकीय फाइल दोनच वर्षं ठेवायचं बंधन आहे. २०२४ चं जे हवं ते आजच उतरवून घ्या, फाइलच्या नावात स्टेशन, ऑर्डर क्रमांक आणि सुधारणेचा आकडा टाकून.