रमीचं कर्ज मदत निधीतून फेडावं का? आणि सणाच्या सोडतीचं काय?

विजापूर_रोड: सोलापुरातल्या आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पंच कमिटीपुढे दोन विषय आलेत. यंत्रमागावरच्या एका सभासदाला ऑनलाइन रमीपायी कर्ज झालंय, घरचे मदत निधीतून पैसे मागतायत. शिवाय हंगामाच्या (पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या) सणाला तिकिटं विकून बक्षिसांची सोडत काढायचा तरुण संघाचा बेत आहे. पवित्र शास्त्रात जुगाराला थेट मनाई सापडत नाही, त्यामुळे एकमत होईना.

वाचनपाठ: थेट आज्ञा नाहीच. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली (प्रेषितांची कृत्ये 1:26), आणि वधस्तंभाखाली शिपायांनीही चिठ्ठ्याच टाकल्या. कॅथलिक धर्मशिक्षणात (परिच्छेद 2413) पैजेचा खेळ मुळात अन्याय्य मानलेला नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचा पैसा त्यात गेला, की तो अमान्य. मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ त्याहून कडक. पण रेशनचा पैसा रमीत गेला असेल, तर दोन्हीकडे उत्तर एकच येतं.

सोडतीचं म्हणाल तर सरकारी परवानगीशिवाय लॉटरी काढणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा ठरू शकतं. त्यापेक्षा कणसं, भोपळे, कोंबड्यांचा लिलाव करा. पैसे देणाऱ्याच्या हातात काहीतरी पडतं तरी!

हिशेबवही: रोख एक रुपयाही देऊ नका दादा. कर्ज कोणीतरी फेडलं की पाटी कोरी होते आणि ‘गेलेले परत काढतो’ हा खेळ नव्यानं सुरू होतो. आधी सिबिल अहवाल (बँकांच्या कर्जांची नोंद) काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. हातउसने आणि भिशीचे पैसे त्यात दिसत नाहीत, म्हणून सहा महिन्यांचं यूपीआय स्टेटमेंटही घ्या. रात्री एकच्या पुढे 500, मग 1000, मग 2000 अशा नोंदी ओळीनं दिसल्या तर हरलेलं वसूल करायची धडपड चाललीय असं समजा. दुसरं सिमकार्ड आहे का तेही विचारा, बहुतेक वेळा असतं.

निधीतून मुलांची फी शाळेत, विजेचं बिल कंपनीत, किराणा दुकानात असं परस्पर भरा. गलतीकरांस 6:2 मध्ये एकमेकांची ओझी वाहा म्हटलंय, आणि तीनच ओळींनी पुढे प्रत्येकानं आपला भार वाहावा. हप्ते त्याचे त्यालाच फेडू द्या. मटकेवाल्याकडे हरलेल्या पैजेची वसुली कोर्टात होत नाही (करार कायदा 1872, कलम 30). बँकेचं कर्ज मात्र सुटत नाही.

कलम_बारा: पैशांच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरातदाराला आहे, खेळणाऱ्याला नाही. हे त्याला स्पष्ट सांगा, नाहीतर भीतीपोटी तो आणखी लपवेल. मटक्याच्या अड्ड्यावर सापडला तर मात्र 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा त्यालाही लागतो.

इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सच्या बिशपांनी जुगार यंत्रांवरची एका खेळीची कमाल पैज कमी करायला लावून धरलं. एप्रिल 2019 मध्ये ती 100 पौंडांवरून 2 वर आली. नुसत्या पापाच्या प्रवचनापेक्षा मला ही पद्धत पटते.

आणि जीव द्यायचा विचार येतो का, हे एकांतात सरळ विचारा. मानसिक आधारासाठी सरकारी हेल्पलाइन आहे: टेली-मानस, 14416.

विजापूर_रोड: लिलावच करू. पगार बायकोच्या खात्यात टाका असं मालकाला सांगावं का?

हिशेबवही: नको, पगार कामगाराच्याच खात्यात जायला हवा. नवरा-बायको दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं संयुक्त खातं उघडा. ‘दोघांपैकी कोणीही’ हा पर्याय निवडू नका, त्यावर यूपीआय चालू होतं.