नाव नाही, तरी ओळख पटते
संस्थेनं मदत केलेल्या मुलांची नावं लिहिली नाहीत की त्यांचे फोटो फेसबुकवर टाकायला हरकत नाही असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. बालगृहातली मुलं असतील तर बाल न्याय कायदा 2015 चं कलम 74 लागतं, त्यात नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीच छापायचं नाही, नाहीतर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आमच्या खानापूरकडं एका संस्थेनं वह्यावाटपाचे फोटो टाकलेले, चेहरे ब्लर केलेत पण शर्टाच्या खिशावरचा शाळेचा बिल्ला सरळ वाचता येतोय आणि मागं गावाच्या नावाची कन्नड पाटी, एवढ्याशा गावात पोर कुणाचं हे कळायला चेहरा कशाला लागतोय! देणगीदारांना दाखवायला वह्या धरलेले नुसते हात पुरतात की.